दाराची साक्ष

व्यापाऱ्याच्या घरी दिवसाचा शेवट रोजमेळाने होतो. गल्ल्यातील रोकड आणि वहीतील शिल्लक यांत दहा रुपयांचा फरक राहिला तरी जुनी माणसे वही मिटत नसत. फरक शोधण्याची त्यांची रीतही ठरलेली असे. संपूर्ण वही नव्याने लिहायला कोणी बसत नसे. आधी बेरीज पाहायची, मग जमेची रक्कम नावे तर पडली नाही ना हे तपासायचे, आणि शेवटी एकेक नोंद पावतीशी ताडायची. चूक बहुधा एकाच नोंदीत सापडे. गाडीला बसवलेला चोरीचा अलार्म रात्री-अपरात्री विनाकारण ओरडू लागला, तर तेथेही हीच रीत उपयोगी पडते. प्रत्यक्षात मात्र लोक पेटी बदलतात, सायरन बदलतात किंवा कंटाळून अलार्म बंद करून टाकतात. चूक बहुतेक वेळा दाराच्या एका तारेत असते आणि ती तशीच राहते.

घोलवड परिसरात हा विषय केवळ हौशीचा नाही. पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडील हे गाव चिकूच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. ‘डहाणू घोलवड चिकू’ या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले आणि २०२१ मध्ये हा चिकू ब्रिटनलाही रवाना झाला. फळ नाशवंत असल्याने भरलेली गाडी वेळेवर निघावी लागते. एकीकडे पश्चिम रेल्वेचा मुंबई-अहमदाबाद मार्ग, दुसरीकडे तलासरीवरून जाणारा महामार्ग आणि समोर समुद्र, अशा जागी माल भरून उभ्या राहणाऱ्या गाडीची काळजी प्रत्येक पेढीला असते.

अशाच एखाद्या पेढीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. पेढीकडे छोटा बंद टेम्पो आहे. पावसाळ्यापूर्वी शेठजींनी त्याला अलार्म बसवून घेतला. सुरुवातीचे काही आठवडे बरे गेले. मग एका रात्री दोन वाजता सायरन वाजला. सगळे धावले, चोर नव्हता, दारे बंद होती. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या सकाळी शेठजींनी चालकाला बोलावले आणि म्हणाले, “दार नीट लावत नाहीस, म्हणून हे होतंय.” चालक म्हणाला, “शेठ, दोनदा ओढून पाहिलं होतं.” त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही, कारण यंत्र ‘दार उघडे आहे’ असे सांगत होते आणि यंत्र कशाला खोटे बोलेल? चौथ्या रात्री शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून अलार्मच बंद ठेवण्यात आला. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली असते. येथे फरक इतकाच, की खोटी हाक यंत्राने मारली आणि बोल मात्र चालकाला लागला.

यंत्राची साक्ष कशी तयार होते हे समजले, की ती खरी की खोटी हे तपासता येते. गाडीचे दार उघडले की आतला दिवा लागतो. हे काम चौकटीवर बसवलेले एक छोटे बटण करते. दार बंद असताना ते दाबलेले राहते. दार उघडले की बाहेर येते आणि आतील तार गाडीच्या पत्र्याला, म्हणजे बॉडीला जोडते. बॉडी ही बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला जोडलेली असते, त्यामुळे दिव्याचा मार्ग पूर्ण होतो आणि दिवा लागतो. अलार्मला दाराची वेगळी खबर नसते. तो याच तारेवर कान लावून बसतो. तारेत निगेटिव्ह आला म्हणजे दार उघडले, असे तो मानतो.

सर्व गाड्यांत मात्र ही रचना अशीच नसते. काही गाड्यांत बटण दिव्याला पॉझिटिव्ह पुरवते. म्हणजे दार उघडल्यावर त्या तारेत बारा व्होल्ट येतात. म्हणूनच अलार्मच्या जुडग्यात दारासाठी बहुधा दोन तारा दिलेल्या असतात, एक निगेटिव्ह पद्धतीसाठी व दुसरी पॉझिटिव्हसाठी. दोहोंपैकी एकच जोडायची असते. उरलेलीचे टोक टेप लावून बंद ठेवायचे असते. जमेची रक्कम नावे पडावी तशी चूक येथेच होते. निगेटिव्ह पद्धतीच्या गाडीत पॉझिटिव्हची तार जोडली, तर दार बंद असताना दिव्याच्या बल्बमधून येणारे बारा व्होल्ट अलार्मला दिसतात आणि तो दार उघडे समजतो. दार उघडले, की व्होल्ट शून्यावर येतात आणि त्याला दार बंद झाल्यासारखे वाटते. अलार्म चालू करताच नेहमीपेक्षा जास्त वेळा ‘टिक-टिक’ झाली किंवा सायरन लगेच वाजला, तर हा संशय प्रथम घ्यावा. तारेच्या रंगावर विसंबू नये. प्रत्येक उत्पादकाचे रंग निराळे असतात. सोबतचा नकाशा पाहावा आणि मीटरने खात्री करावी.

त्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. तो डीसी व्होल्टच्या वीसच्या पट्टीवर ठेवावा. काळे टोक बॉडीच्या स्वच्छ, रंग नसलेल्या लोखंडाला आणि लाल टोक दाराच्या तारेला लावावे. आतला दिवा ‘दार’ या खुणेवर असावा आणि त्याचा बल्ब चालू असावा, नाहीतर आकडा फसवा येतो. दार बंद असताना सुमारे बारा आणि उघडल्यावर जवळजवळ शून्य आले, तर पद्धत निगेटिव्ह. उलट आले, तर पॉझिटिव्ह. दार उघडझाप करूनही आकडा हललाच नाही, तर एकतर तार चुकीची धरली आहे किंवा बटण मेले आहे. निगेटिव्ह पद्धतीत दार पूर्ण उघडूनही शून्य न येता तीन-चार व्होल्ट राहिले, तर बटणाच्या जोडात गंज आहे.

दोष नेमका कोणत्या बाजूला आहे हे ठरवण्याची एक सोपी युक्ती आहे. अलार्मची दाराची तार दारापासून सोडवावी, तिचे टोक कशालाही लागू देऊ नये आणि अलार्म चालू करावा. तरीही तो विनाकारण वाजला, तर दार निर्दोष आहे. चूक बॉनेटच्या स्विचमध्ये, हादरा ओळखणाऱ्या सेन्सरमध्ये किंवा बॅटरीत शोधावी. घोलवडला रेल्वेमार्गालगत उभी असणारी गाडी मालगाडी जाताना ओरडत असेल, तर सेन्सरची संवेदनशीलता कमी करावी लागते. दाराच्या तारा उपसून उपयोग नाही. बॅटरी उतरली असेल तरीही काही अलार्म बिथरतात. पूर्ण भरलेली व काही तास विसावलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. आकडा बाराच्या खाली असेल तर आधी बॅटरीकडे पाहावे. उलट, तार सोडवल्यावर अलार्म शांत राहिला, तर पुढची परीक्षा करावी. गाडी निगेटिव्ह पद्धतीची असेल, तर तेच मोकळे टोक क्षणभर बॉडीला टेकवावे. सायरन वाजला म्हणजे पेटी ठीक आहे आणि दोष टोकापासून दारापर्यंतच्या मार्गात आहे. दोन मिनिटांत अर्धी वही तपासून होते.

हे करताना खिडकीची काच खाली ठेवावी आणि किल्ली खिशात असू द्यावी. कित्येक अलार्म काम चालू असतानाच दारे बंद करून घेतात आणि किल्ली आत राहते.

आता त्या मार्गातील नेहमीच्या चुका. पहिली चूक अशी, की एकच दार ओळखले जाते. अनेक गाड्यांत चालकाच्या दाराची तार वेगळी आणि उरलेल्या दारांची वेगळी असते, कारण किल्ली आत विसरल्याची किंवा दार उघडे असल्याची सूचना चालकाच्या दाराशी बांधलेली असते. बसवणाऱ्याने एकच तार घेतली तर इतर दारांतून चोर शिरला तरी अलार्म गप्प राहतो. दोन्ही तारा नुसत्या एकत्र पिळल्या, तर कोणतेही दार उघडले की चालकाच्या दाराची सूचना वाजते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक तारेत एक डायोड घालून मग त्या जोडणे. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो. निगेटिव्ह पद्धतीत त्याच्या अंगावरील पांढरा पट्टा दाराच्या बटणाकडे ठेवावा. १एन४००७ या क्रमांकाचा साधा डायोड या कामाला पुरेसा असून तो अगदी स्वस्तात मिळतो.

दुसरी चूक सावकाश विझणाऱ्या दिव्याची. पुष्कळ गाड्यांत दार लावल्यावरही आतला दिवा काही सेकंद तेवत राहतो. अलार्मची तार दिव्यापाशी जोडली असेल, तर दिवा विझेपर्यंत अलार्मला दार उघडेच दिसते. अशा वेळी तार दिव्याजवळून न घेता थेट दाराच्या बटणाजवळून घ्यावी, किंवा अलार्ममध्ये तशी सोय असेल तर दाराची नोंद घेण्याचा वेळ वाढवून ठेवावा.

तिसरी गोष्ट घोलवड-बोर्डीच्या माणसाला सांगावी लागत नाही: खारा वारा. समुद्राकाठी लोखंड लवकर गंजते. बटणाची दांडी गंजून अर्ध्यावर अडकते. बटण ज्या स्क्रूने चौकटीला बसवलेले असते त्याच्याखाली गंज साचतो आणि बॉडीशी जोड तुटतो. दार आणि चौकट यांमधील रबरी नळीत, रोजच्या उघडझापीने, तार आतल्या आत तुटते आणि बाहेरून ती धडधाकट दिसते. पावसाळ्यात बटणात ओल शिरली, तर दार बंद असूनही थोडी वीज झिरपते आणि मध्यरात्री, दमट हवेत, अलार्मला दार उघडल्याचा भास होतो. दुपारी गॅरेजमध्ये गाडी कोरडी असते, म्हणून तेथे दोष सापडत नाही. मीटर लावून, दार बंद ठेवून, ते बाहेरून हाताने हलकेच दाबावे आणि सोडावे; रबरी नळी हळूच हलवावी. स्थिर असायला हवा तो आकडा डळमळला, की चोर सापडला.

टेम्पोच्या मागच्या दाराची गोष्ट स्वतंत्र आहे. खरा माल तेथेच असतो, पण त्या दाराला कंपनीचे बटण बहुधा नसते. तेथे चुंबकाचा स्विच लावतात. दारावर चुंबक आणि चौकटीवर काचेच्या नळीत बंद असलेला रीड स्विच, अशी त्याची जोडी. संपर्काचे तुकडे नळीत बंद असल्यामुळे त्यांना खारी हवा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण एक अडचण आहे. घरच्या अलार्मला वापरला जाणारा साधा रीड स्विच चुंबक जवळ असताना, म्हणजे दार बंद असताना, जोडलेला राहतो. गाडीचे बटण नेमके उलटे वागते. ते दार उघडल्यावर जोडते. दोन्ही एकाच तारेला लावले, तर मागचे दार बंद असतानाच अलार्म ‘उघडे’ म्हणून ओरडतो. चुंबक दूर गेल्यावर जोडला जाणारा स्विच मागून घ्यावा, किंवा तीन टोकांचा स्विच घेऊन योग्य टोके वापरावीत. जाड पोलादी पत्र्यावर चुंबकाचा जोर कमी पडतो. त्यामुळे दोन्ही भागांखाली प्लास्टिकची किंवा लाकडाची पट्टी ठेवून अंतर जुळवावे. आणखी एक सावधगिरी बाळगावी: छोट्या टेम्पोंची बॅटरी सहसा बारा व्होल्टची असते, पण मोठ्या ट्रकांत चोवीस व्होल्ट असतात. बारा व्होल्टचा अलार्म तेथे जोडला, तर तो पहिल्याच दिवशी जळू शकतो.

अलीकडच्या मोटारींत बटण दाराच्या कुलपातच असते आणि त्याची खबर थेट दिव्याला न जाता गाडीच्या संगणकाला जाते. अशा तारा सुरीने सोलून जोडू नयेत. बल्बचा टेस्टर तेथे वापरू नये. तो जास्त वीज खेचतो आणि नाजूक भाग बिघडू शकतात. पिवळे आवरण किंवा पिवळे कनेक्टर असलेल्या तारा एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावू नये. गाडी वॉरंटीत असेल, तर उत्पादकाने मान्य केलेले, कनेक्टरला कनेक्टर लागणारे जुडगेच घ्यावे.

जोडणीतील स्वच्छता ही शेवटची पण सर्वांत दुर्लक्षित बाब. पिळून टेप लावलेला जोड उन्हाने सैल होतो. त्यापेक्षा डाख देऊन किंवा दाबून बसवायचा जोड वापरून वर आकसणारी नळी चढवावी. अलार्मची काळी तार रंगलेल्या पत्र्यावर न ठेवता खरवडून चकचकीत केलेल्या लोखंडावर, गोल टोक लावून घट्ट आवळावी आणि वरून व्हॅसलीन लावावे. पॉझिटिव्ह तारेत बॅटरीजवळ फ्यूज असलाच पाहिजे. फ्यूजविना नेलेली तार कोठे घासली, तर अलार्मच्या कामात गाडी पेट घेऊ शकते, आणि तिच्या आत माणूसही असू शकतो.

व्यापारी कुटुंबाने कागदाची बाजूही विसरू नये. २००२ च्या भारतीय मोटार टॅरिफमध्ये, पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने मान्य केलेले चोरीविरोधी साधन बसवून त्याचे ऑटोमोबाइल असोसिएशनकडून प्रमाणपत्र घेतल्यास, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, कमाल ५०० रुपयांपर्यंत सूट सांगितली आहे. १ जानेवारी २००७ पासून हे दर विमा कंपन्यांवर सोपवले गेले. म्हणून आपल्या कंपनीला विचारून घ्यावे. बिल, मान्यतेचा कागद आणि जोडणीचा नकाशा विम्याच्या कागदांसोबत ठेवावा. बसवल्याची लेखी सूचना कंपनीला द्यावी. चोरी झालीच, तर पोलिसांकडे तत्काळ नोंद करावी. सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०२० च्या निकालात सांगितले आहे, की पोलिसांत लगेच गुन्हा नोंदवला असेल तर विमा कंपनीला कळवण्यास उशीर झाला, एवढ्याच कारणाने खरा दावा नाकारता येत नाही. पण गाडीत किल्ली राहिली असेल किंवा अलार्म महिनाभर बंद ठेवला असेल, तर काळजी घेतल्याचे सिद्ध करणे अवघड जाते. सूट मिळवून देणारा कागद आहे आणि यंत्र मात्र मुके, ही स्थिती कोणाच्याही हिताची नाही.

पुन्हा त्या टेम्पोकडे यावे. पाचव्या दिवशी शेठजींनी गॅरेजवाल्याला घरी बोलावले. त्याने दाराची तार सोडवली; अलार्म शांत राहिला. टोक बॉडीला टेकवले, सायरन वाजला. मग मीटर लावून डावे दार हाताने दाबून सोडले, तर आकडा बारावरून पाचावर आला आणि पुन्हा वर गेला. बटणाची दांडी गंजून अर्ध्यावर अडकली होती आणि दार पूर्ण लावले तरी ती काठावरच टेकत होती. नवे बटण बसले, चौकट घासून स्वच्छ झाली आणि मागच्या दारालाही योग्य जातीचा चुंबकी स्विच लागला. काम तासाभराचे आणि खर्च एका चिकूच्या क्रेटच्या किमतीहून थोडका.

त्यानंतर शेठजींनी चालकाला बोलावले. “दार तू नीटच लावत होतास. बटण गंजलं होतं,” असे ते सर्वांदेखत म्हणाले. चालकाला दोष दिला होता तोही सर्वांदेखतच, म्हणून त्याची नोंद दुरुस्त करणे तेवढेच आवश्यक होते. वहीतील चूक सापडली की लाल शाईने दुरुस्ती करतात आणि खाली सही करतात; माणसाविषयीच्या चुकीलाही तोच नियम लागू होतो.

अलार्म बसवला म्हणजे राखणदार मिळाला, असे मानण्याऐवजी तो एक साक्षीदार आहे असे समजावे. साक्षीदाराची उलटतपासणी मालकाने स्वतः करायची असते. महिन्यातून एकदा, रोजमेळ झाल्यावर पाच मिनिटे काढून, अलार्म चालू करून प्रत्येक दार वेगवेगळे उघडून पाहावे; मागचे दार विसरू नये. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर बटणे पुसून घ्यावीत. प्रत्येक दाराची साक्ष खरी निघाली, म्हणजे रात्री सायरन वाजला की उठून पाहणे योग्य ठरते आणि वाजला नाही तर झोप लागायला हरकत नाही.